जीपला बोलावणं

माझं लग्न ठरताना वडिलांनी मुलाची चौकशी केली, तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं, मुलगा निर्व्यसनी आहे. ते तेव्हा खरं होतं. जीप बऱ्याच वर्षांनी आली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी-शेवटी आम्ही वसईत, उमेळ्याला राहत होतो. मी जवळच्या शाळेत गणित शिकवायचे आणि आमचे हे मुंबईत एका विमा कचेरीत होते. बिल्डिंगच्या समोर तेव्हा केळीची वाडी होती, तिचे प्लॉट अजून पडले नव्हते. शेजारपाजारचे लोक स्कूटर घेत होते, एखादा छोटी मोटार घेत होता. ह्यांनी कुठल्याशा सरकारी लिलावातून जुनी जीप आणली. तिला छत नव्हतं, दारं नव्हती, आणि हॉर्न वाजवला की वायपर हलायचा. कापडी छत शिवून घ्यायचं ह्यांच्या फार मनात होतं. मी स्पष्ट सांगितलं, माझ्या हयातीत ह्या गाडीच्या अंगावर कापड चढणार नाही.

"जीप चारी चाकांनी ओढते ना?" मी विचारलं.

"ओढते. पण हिचा पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा कुणीतरी काढून नेलाय. ही मागच्या दोन चाकांनी ओढते."

पहिल्याच रविवारी कळलं की तेही खरं नव्हतं. थालीपिठं बांधून आम्ही पाचूबंदरला, कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर गेलो. किल्ल्याच्या बाजूने खाली उतरून ह्यांनी जीप थेट वाळूत घातली. जरा पुढे जाऊन ती थांबली. मागचं उजवं चाक पिसाळल्यासारखं फिरत होतं आणि वाळू उडवत होतं. डावं चाक मात्र लग्नात मुलाचा मामा उभा असतो तसं नुसतं उभं होतं. हे जितका ॲक्सिलरेटर दाबत तितकं उजवं चाक खाली जाई आणि डावं आणखी निवांत होई.

जाळं विणत बसलेला एक कोळी उठून आला. छोट्या मोटर-होडीचा मालक, म्हणून सगळे त्याला नाखवा म्हणत. आम्हीही तेच म्हणू लागलो. त्याने जीपभोवती एक फेरी मारली.

"सायेब, ही गाडी हाय की खड्डा खनायचं मशिन?"

मग त्याने वळून गल्लीकडे एक हाक मारली. सुकी मासळी उलटीपालटी करणाऱ्या बायका, पत्ते खेळणारे बाप्ये, सगळे आले, दोर बांधला आणि हसत-खिदळत जीप ओढून काढली. नाखव्याच्या बायकोने मला बोंबलाची पुडी दिली आणि म्हणाली, "परत या वैनी, आमाला पन करमनूक झाली." अशी आमची ओळख झाली आणि ती पुढे घरोब्यापर्यंत गेली.

घरी आल्यावर ह्यांनी मला डिफरन्शियल समजावून सांगितलं. मी पोळ्या लाटत होते. ओट्यावर दोन वाट्या उपड्या ठेवून ते म्हणाले, "ही दोन चाकं. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावं लागतं, आतल्याला कमी. म्हणून मधे डिफरन्शियल असतं, ते दोघांना वेगवेगळं फिरू देतं. पण एक चाक वाळूत सुटलं की सगळी ताकद त्या सुटलेल्यालाच मिळते. ज्याचे पाय जमिनीवर आहेत ते चाक बसून राहतं."

"म्हणजे तुमच्या ऑफिससारखं."

"हो, अगदी तसंच," ते प्रांजळपणे म्हणाले. "आता दोन्ही चाकांना बरोबर कामाला लावायचं. त्याला लॉक म्हणतात."

तिथून आमच्या घरात लॉक हा विषय आला. तसले लॉक परदेशात मिळत, इथे मिळत नसत. पण विरारच्या चंदनसारला एक गॅरेजवाले होते, त्यांनी सोपा उपाय सांगितला. डिफरन्शियल उघडायचं आणि आतली दातेरी चाकं एकमेकांना वेल्डिंगने चिकटवून टाकायची. "दोन्ही चाकं एक होऊन जातील साहेब. फक्त वळताना जरा जड जाईल."

'जरा' हा शब्द माणसं किती सहज वापरतात याचा मला राग येतो. वेल्डिंग झालेली जीप घेऊन हे विरारहून घरी निघाले आणि सरळ रस्त्यावर त्यांचं उत्तम चाललं. आमच्या बिल्डिंगच्या वळणावर त्यांनी स्टिअरिंग फिरवलं, पुढची चाकं वळली, मागच्या दोघांनी वळायला नकार दिला आणि जीप किंचाळत समोरच्या केळीच्या वाडीत शिरली. वाडीची म्हातारी मालकीण कोयता घेऊन बाहेर आली. तिने आडवी झालेली केळ पाहिली, जीप पाहिली, ह्यांचा चेहरा पाहिला, आणि तुटलेला लोंगर आमच्याच पदरात घातला. पुढे पंधरवडाभर आम्ही कच्च्या केळ्यांची भाजी खाल्ली.

त्यानंतर आम्ही कुठे जायचं हे रस्ते ठरवू लागले. भाजी आणायला पापडीच्या बाजारात जायचं असेल तर वाटेत वळणं फार, म्हणून आम्ही दुसरीकडेच जायचो आणि भाजीवाचून परत यायचो. मोडेन पण वाकणार नाही, असा मराठी बाणा मी माणसांत पुष्कळ पाहिला होता. गाडीत पहिल्यांदाच पाहत होते. शेजारीण मला विचारायची, "आज कुठे?" आणि मी म्हणायचे, "सरळ."

त्याच सुमाराला नाखव्याचं त्याच्या गल्लीशी बिनसलं. कारण ऐकून मला आधी हसू आलं. देवळाच्या सणाला, म्हणजे त्यांच्या चर्चच्या सणाला, मैदानावर रस्सीखेच होती आणि पंच म्हणून नाखव्याला उभं केलं होतं. त्याच्याच गल्लीचा संघ जिंकत आला होता. इतक्यात दोराच्या शेवटी असलेला त्याचा शेजारी, चांगला दांडगा माणूस, खाली बसला. बसून ओढायचं नाही असा नियम. नाखव्याने स्वतःच्या गल्लीला बाद केलं. शेजारी म्हणाला, मी बसलो नाही, घसरलो. नाखवा म्हणाला, बसला तो बसला. झालं. गल्लीने त्याच्याशी बोलणं टाकलं आणि त्याने गल्लीशी.

मी हसत होते, पण नाखव्याची बायको हसत नव्हती. पावसाळ्याआधी होड्या वर काढाव्या लागतात. उधाणाच्या भरतीला होडी किनाऱ्याला टेकवायची आणि तेल लावलेल्या फळ्यांवरून माणसांनी दोराने ओढत पार वर, वस्तीपाशी न्यायची. खाली राहिली तर पावसाळी लाटा तिला दगडांवर आपटून फोडणार. आणि दोराला माणसं अशी आपणहून येत नसत. आदल्या संध्याकाळी होडीवाल्याने प्रत्येक दारात जाऊन 'उद्या होडी काढायची हाय, या' म्हणायचं. तेच बोलावणं. बोलावल्यावर कितीही वैर असलं तरी यायचंच, न बोलावता सख्खा भाऊही यायचा नाही, असा तिथला कायदा. दोराला ज्याचा हात लागला तो होडीवाल्याच्या घरी जेवून जाणार, हाही कायदाच.

"एकदा दारात जा ना," नाखव्याची बायको आमच्यादेखत त्याला म्हणाली. "चार शब्द बोलायला तुझं काय जातं?"

"मी गेलो म्हंजे तो घसरला असं मी मानलं. तो बसलेला. माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"मंग होडी फुटू दे?"

यावर आमचे हे, ज्यांना स्वतःच्या बिल्डिंगमध्ये धड शिरता येत नव्हतं, ते म्हणाले, "मी काढतो तुझी होडी. जीपने. आता लॉक आहे." नाखव्याने त्यांचा हात हातात घेतला. मला मात्र दे माय धरणी ठाय झालं.

ठरल्या दिवशी आम्ही भरतीच्या वेळेला पाचूबंदरला पोचलो. पोचलो म्हणजे किल्ल्याच्या दरवाजापाशी पुढे-मागे, पुढे-मागे करत वळलो आणि मागे बैलगाडीवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. होडीचा दोर जीपच्या मागे बांधला. गल्ली सगळी दूर शेडखाली बसली होती, आमच्याकडे पाठ करून. पण इतकी माणसं एकाच वेळी एकाच दिशेला पाठ करून बसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

ह्यांनी गिअर टाकला. वेल्डिंगने आपलं काम चोख केलं. आधी एक चाक खड्डा खणत होतं, आता दोन्ही एकजुटीने खणू लागली. बघता-बघता जीप पोटापर्यंत वाळूत बसली. होडी तसूभरही हलली नाही. मागून लाटा होडीच्या बुडाला थपडा मारत होत्या आणि प्रत्येक थपडेला नाखव्याची बायको क्रूसाची खूण करत होती. नाखवा कंबरभर पाण्यात होडीला पाठ लावून उभा होता. त्याने शेडकडे एकदाही पाहिलं नाही.

मग शेडमधून तो दांडगा शेजारी उठला. मागोमाग बाकीचे. ते सरळ जीपपाशी आले.

"कोनाची गाडी?" शेजाऱ्याने मोठ्याने विचारलं.

"माझी," हे म्हणाले.

"सायबाची गाडी रुतली," तो गल्लीकडे वळून म्हणाला. "पावना मानूस हाय. चला."

त्यांनी जीपच्या पुढे दोर बांधला. ह्यांना तर अक्कल कमी. ते म्हणाले, "थांबा, मागचा होडीचा दोर सोडतो, म्हणजे हलकं जाईल."

क्षणभर सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. एक म्हातारा पुढे होऊन म्हणाला, "राहू दे सायेब. ओली गाठ हाय, सुटनार नाय."

आणि त्यांनी ओढलं. तालात, ओरडत, वाळूत टाचा रोवून. जीप खड्ड्यातून वर आली, पुढे सरकली, आणि तिच्या मागोमाग फळ्यांवरून होडीही सरकली. जीप कोरड्या वाळूवर आली तरी कुणी थांबलं नाही. पार घट्ट जमिनीवर आली तरी थांबलं नाही. ओळीत लावलेल्या होड्यांमध्ये नाखव्याच्या होडीची रिकामी जागा होती, बरोबर तिथे होडी पोचली तेव्हा म्हातारा म्हणाला, "बस, निघाली सायबाची गाडी." दोर टाकून सगळे हात झटकत परत गेले. नाखव्याच्या बायकोने पहाटेपासून रांधलेलं जेवण तसंच राहिलं, कारण होडीला तर कुणी हात लावला नव्हता. त्या दिवशी आम्ही चौघांनी ते जेवायचा प्रयत्न केला. नाखवा मान खाली घालून भात कालवत राहिला.

घरी येताना मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला, आता जीप विकतील. त्यांनी शेवटी तोंड उघडलं ते असं : "वेल्डिंग हा मार्गच चुकीचा होता."

पुढचं वर्ष त्यांनी खऱ्या लॉकच्या मागे घालवलं. कचेरीतल्या एकाचा मेहुणा आखातात होता, त्याच्या हस्ते ते आलं. सुट्टीला येताना त्याने बायकोसाठी आणलेल्या साड्यांमध्ये गुंडाळून तो लोखंडी गोळा आणला आणि त्या साड्यांना ग्रीस लागलं, त्यामुळे ह्यांचे आणि कचेरीतल्या त्या माणसाचे संबंध काही काळ लॉक झाले. किंमत मी विचारली नाही, कारण मला संसार करायचा होता. ह्या लॉकला हवेचा एक छोटा पंप होता. बटण दाबलं की पंप तर्रर्र वाजायचा, हवा आत जायची आणि दोन्ही चाकं एक व्हायची. बटण बंद केलं की फुस्स होऊन चाकं पुन्हा मोकळी. म्हणजे गाडी ओढायचीही आणि वळायचीही. ती पहिल्यांदा आमच्या बिल्डिंगमध्ये नीट वळून शिरली तेव्हा वाडीच्या म्हातारीने हात जोडले.

मग एका रविवारी आम्ही किनाऱ्यावर, पहिल्या दिवशी रुतलो होतो त्याच जागी गेलो. ह्यांनी टायरमधली हवा थोडी कमी केली, बटण दाबलं, आणि जीप त्या वाळूतून म्हशीसारखी संथपणे चालत बाहेर आली. ह्यांनी गाडी थांबवली आणि चष्मा पुसला. "वाळू गेली डोळ्यात," म्हणाले. वारा अजिबात नव्हता.

पुन्हा होड्या काढायचे दिवस आले. नाखवा या वर्षीही कुणाच्या दारात गेला नव्हता. पण बायकोला घेऊन आमच्या दारात आला. इस्त्रीचा शर्ट घालून, चपला बाहेर काढून, उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला, "उद्या होडी काढायची हाय. या." ह्यांनी त्याला आत बसवून लॉकचं सगळं वर्णन ऐकवलं. "या वेळी रुतणार नाही. कुणाची गरजच लागणार नाही तुला."

"बरं झालं," नाखवा म्हणाला. ज्याचं बरं झालं आहे त्याचा आवाज तसा नसतो.

त्याची बायको माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. "वैनी, गल्लीवाल्या बायका मला इचारतात, सायबाची गाडी कवा येनार? बाप्यांनी दोर काढून ठेवलाय. म्हातारा फळ्यांना तेल लावत होता, आमच्या होडीच्या फळ्यांना. मी बघितलं." तिने पदराने तोंड पुसलं. "गाडीनं एकटीनं होडी काढली तर मंग कोनी कशाला येईल? यंदा नाय, पुढं पन नाय. होडीचं सोडा. उद्या घरात कोन मेलं तर खांद्याला कोन येनार, तुमची गाडी?"

रात्री जेवताना मी हे सगळं ह्यांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ताटातली आमटी भुरकली आणि म्हणाले, "पण लॉक चालतं, तू पाहिलंस ना?" मी म्हटलं, पाहिलं. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. दुसऱ्या कुठल्या गोष्टीसाठी ह्या माणसाने एवढा जीव टाकलेला मी पाहिला नव्हता, त्यात मीही आले.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर सगळं गेल्या वर्षीसारखंच होतं. होडी टेकली होती, दोर बांधला होता, गल्ली शेडखाली पाठ करून बसली होती. फक्त या वेळी पुष्कळांनी लुंग्या आधीच वर खोचल्या होत्या आणि दोराचं वेटोळं दांडग्या शेजाऱ्याच्या मांडीवर होतं. मी ह्यांच्या शेजारी जीपमध्ये बसले होते. ह्यांनी हवा कमी करून घेतली होती. त्यांनी बटण दाबलं. पंप तर्रर्र वाजला.

जीप निघाली. दोर ताणला गेला, जीप थरथरली, आणि होडी हलली. खरोखर हलली. फळीवर लाकूड करकरलं आणि ती हातभर, मग आणखी हातभर वर आली. ह्यांच्या चेहऱ्यावर असा प्रकाश मी आमच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलेला नाही. मी मागे पाहिलं. शेडखालची माणसं वळून बघत होती. अर्धवट उठलेला शेजारी पुन्हा खाली बसत होता, दोर मांडीवरून बाजूला ठेवत होता. आणि नाखवा होडीला हात लावून चालत होता, स्वतःच्याच घरातलं कुणी पोचवायला निघाल्यासारखा.

ह्यांनीही मागे पाहिलं. मग ते समोर बघत राहिले. त्यांनी हात पुढे केला आणि बटण बंद केलं. फुस्स झालं.

"अहो," मी म्हटलं.

"गप्प बस," ते म्हणाले आणि ॲक्सिलरेटर पार तळापर्यंत दाबला. उजवं चाक पिसाळलं. वाळू उडाली. डावं चाक जुन्या सवयीने उभं राहिलं. जीप एका अंगाला कलली आणि अशी सुबक रुतली, की आजवरच्या अनुभवाचं चीज झालं.

शेडमधून सगळे आले. आले म्हणजे धावत आले.

"कोनाची गाडी?" शेजाऱ्याने विचारलं. त्याला हे वाक्य आता पाठ होतं.

"माझी. काहीतरी बिघडलं वाटतं," हे म्हणाले. डोळ्यातली वाळू सोडली तर माझ्या माहितीत हे त्यांचं पहिलं खोटं.

पुढचा दोर बांधला गेला. मागच्याचा विषय कुणी काढला नाही. शेजारी दोराच्या अगदी शेवटी उभा राहिला, रस्सीखेचीत उभा होता तसा. ओढायला सुरुवात होणार इतक्यात नाखवा होडी सोडून पुढे आला आणि बरोबर त्याच्या मागे दोराला हात घातला. पहिल्याच हिसक्याला शेजाऱ्याचा पाय ओल्या वाळूत सटकला आणि तो धपकन बसला. सगळा दोर थांबला. कुणी हसेना.

नाखव्याने वाकून त्याच्या काखेत हात घातला. "घसरलास," तो म्हणाला.

"घसरून बसलो," शेजारी म्हणाला.

मग ओढलं. होडी जागेवर गेली, आणि म्हातारा 'निघाली सायबाची गाडी' म्हणायच्या आत नाखवा सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला, "जेवून जा." त्या दिवशी नाखव्याच्या अंगणात पंगती उठल्या. कालवण संपलं तेव्हा शेजारणींनी आपापल्या घरची भांडी आणली. नाखव्याची बायको वाढताना रडत होती आणि सगळ्यांना सांगत होती की रश्शाला तिखट जास्त झालंय.

आमचे हे पंगतीत मधोमध बसले होते. शेजारी त्यांच्या ताटात सुरमईची तुकडी टाकत समजुतीने म्हणाला, "सायेब, एक सांगू? ते परदेशी मशिन परत करा. तुमाला फसवलं त्यांनी. तुमच्या गाडीला काय ते जमत नाय."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. एक वर्ष, ग्रीस लागलेल्या साड्या, ते सगळं त्यांच्या ओठावर आलेलं मला दिसलं. त्यांनी ते भाताच्या घासाबरोबर गिळलं.

"हो ना," ते म्हणाले. "फसलोच मी."

परत येताना किल्ल्याच्या दरवाजापाशी जीप सुरेख वळली. माझ्या डोक्यावर ऊन लागत होतं. मी त्यांना म्हटलं, "पुढच्या आठवड्यात हिला छत शिवून घ्या. खाकी नको, हिरवं बघा."